रामनांच्या प्रयोगशाळेतल्या मुली

१९३३ साली मुंबई विद्यापीठाचा बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा गुणवत्ता यादीत कमला भागवत हे नाव सगळ्यात वर होतं. पुढे काय, हा प्रश्न घरात फारसा कुणाला पडला नसावा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. थोरली बहीण दुर्गा स्वतःच्या मतांवर ठाम राहण्यासाठी पुढे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाली. ज्या घरात रात्रीच्या जेवणाला अभिक्रियांच्या गप्पा होतात तिथल्या मुलीला टाटा इन्स्टिट्यूट परकं वाटण्याचं कारण नव्हतं. तिने अर्ज केला. तो नामंजूर झाला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, अर्जदार मुलगी होती म्हणून.

नकार देणारे होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीन वर्षांपूर्वी नोबेल मिळालेलं, आणि आता १९३३ मध्ये इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक म्हणून नेमणूक झालेली. या माणसाने स्वतः विज्ञानात प्रवेश केला तो मागच्या दाराने. १९०७ मध्ये सरकारच्या अर्थखात्यात नोकरी धरली, कलकत्त्याला सहायक महालेखापाल म्हणून नेमणूक झाली, आणि ऑफिसच्या आधी नि नंतर बहूबाजार स्ट्रीटवरच्या एका जवळजवळ ओस पडलेल्या विज्ञानसंस्थेत प्रयोग करत दहा वर्षं काढली. गोऱ्या प्राध्यापकांना हिंदी माणसाच्या बुद्धीविषयी वाटणारा संशय त्यांनी पुरेपूर अनुभवला होता आणि त्यावर ते उघडपणे बोलतही. तोच संशय एका मुलीच्या बाबतीत आपण जसाच्या तसा वापरतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. मुंबई विद्यापीठातून कॉर्नेलिया सोराबजी पदवीधर झाल्याला तोवर पंचेचाळीसेक वर्षं उलटली होती. मुलींनी कॉलेजात जावं की नाही, हा वाद निदान शहरातल्या शिकलेल्या घरांत मिटत आला होता. विद्यापीठाची परीक्षा नंबरावर चालते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला समोर कोण आहे ते दिसत नाही. तिथे कमला भागवतला कुणी अडवू शकलं नाही. संशोधनाचं मात्र तसं नव्हतं. प्रयोगशाळेतलं टेबल, तिथली उपकरणं, मार्गदर्शकाचा वेळ, परीक्षकाकडे जाणारं शिफारसपत्र हे सगळं कुणीतरी द्यावं लागतं, आणि देणारा माणूस समोरच्याचा चेहरा पाहून देतो. पदवीपर्यंतचा रस्ता नियमाने मोकळा झाला होता. पदवीनंतरचा मर्जीवर होता. १९३० ते १९५० या काळात विज्ञानात शिरू पाहणाऱ्या बहुतेक मुलींची गाडी याच ठिकाणी अडली.

वडिलांनी आणि काकांनी रामनांना गळ घातली, उपयोग झाला नाही. मग कमलाने स्वतः बंगळूर गाठलं. मिठाच्या सत्याग्रहाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. हजारो बायका त्या निमित्ताने रस्त्यावर उतरल्या होत्या, तुरुंगात गेल्या होत्या. तिनेही तेच हत्यार काढलं. नाकारण्याचं कारण सांगा, नाहीतर तुमच्या ऑफिसच्या दारात सत्याग्रहाला बसते. कारण रामनांपाशी नव्हतं. शेवटी त्यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पाहून ठरवू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावं लागेल. आणि तिसरी अट अशी की तिच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

या तिसऱ्या अटीचा अपमान त्यांना जन्मभर डाचला. नव्वदीच्या दशकात, पंचाऐंशीच्या घरात असताना, मुंबईत स्त्री वैज्ञानिकांच्या एका कार्यक्रमात त्यांनी तो बोलून दाखवला: रामन मोठे वैज्ञानिक खरे, पण मन कोतं होतं, नोबेल मिळवणारा माणूस असा वागतो तर इतरांकडून काय अपेक्षा करायची. साठ वर्षांनी माणूस एखादी गोष्ट अशा स्वरात सांगतो तेव्हा 'तिने जिद्दीने मात केली' एवढ्यावर ती आटोपता येत नाही. मात केली, तरी किंमत मोजली होती, आणि ती किती होती ते त्यांना ठाऊक होतं.

मार्गदर्शक मात्र चांगले लाभले. श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाने दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. विषय साधा दिसतो, पण ज्या देशात बहुसंख्य लोकांचं प्रथिन डाळीतून येतं तिथे डाळीत नेमकं काय आहे हे मोजणं फार गरजेचं होतं. वर्षभरात रामनांची खात्री पटली आणि ती नियमित विद्यार्थिनी झाली. इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली आणि १९३७ मध्ये शिष्यवृत्तीवर केंब्रिज.

केंब्रिजची हकीकत बंगळूरच्या शेजारी ठेवून वाचावी. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले. प्रयोगशाळेत जागाच शिल्लक नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल देऊ केलं: दिवसा तू वापर, मी रात्री काम करीन. रात्रीच्या कामाची अट बंगळूरला मुलीवर लादली गेली होती. इथे एका पुरुषाने ती स्वतःहून आपल्याकडे घेतली. रिक्टर गेल्यावर रॉबिन हिल यांच्यासोबत वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना, बटाट्याचा अभ्यास चालू असता, कमलाला सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडलं. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन पुढे पोचवणाऱ्या साखळीतला हा एक दुवा. तो वनस्पतींच्या पेशींतही असतो हे तिने दाखवलं. प्रबंध चाळीसएक पानांचा, काम चौदा महिन्यांचं. १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगनहून ती १९३१ मध्येच मिळाली होती. पण 'पहिली कोण' या शर्यतीत आपल्याकडे नको इतका रस घेतला जातो आणि पहिलीच्या मागोमाग आलेल्या दुसरीचं काय झालं हे विचारायचं राहून जातं.

दुसरीचं काय झालं ते रामनांच्याच प्रयोगशाळेत पाहता येतं. कमला जीवरसायन विभागात होती. रामनांच्या स्वतःच्या हाताखाली भौतिकशास्त्रात तीन मुली आल्या. ललिता दोराईस्वामी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून आलेली. १९३६ मध्ये तिचं लग्न रामनांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याशी झालं, ती परदेशी गेली आणि संशोधन सुटलं. चंद्रशेखर यांना पुढे नोबेल मिळालं.

दुसरी सुनंदाबाई. तिची गोष्ट लिहिताना हात जड होतो. प्रकाशाचं विकिरण हा रामनांचा घरचा विषय, त्यात तिने स्वतःच्या एकटीच्या नावावर दहा शोधनिबंध प्रसिद्ध केले. आजही दहा निबंधांवर डॉक्टरेट अडत नाही. प्रबंध सादर झाला. तांत्रिक कारणावरून पदवी मिळाली नाही. पुढच्या संशोधनासाठी स्वीडनला जायचं ठरलं होतं. निघण्याआधी तिने आत्महत्या केली. या दोन गोष्टींची सांगड घालायचा मोह होतो, आणि तो आवरावा. एखाद्याच्या मरणाचं कारण आपल्या मुद्द्यासाठी वापरू नये. पण दहा निबंध आणि पदवी नाही एवढं वाक्य स्वतःच्या बळावर उभं आहे.

तिसरी अॅना मणी. तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

जन्म १९१८ चा, त्रावणकोरमधल्या पीरमेड्याचा. वडील स्थापत्य अभियंता, वेलदोड्याचे मळे राखून असलेले, खाऊनपिऊन सुखी सीरियन ख्रिस्ती घर. आठ भावंडांत सातवी. अशा घरांत मुलांना लहानपणापासून नोकरी-व्यवसायासाठी तयार करत आणि मुलींना लग्नासाठी. आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या देण्याची पद्धत होती. अॅनाने त्या नाकारल्या आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. पुढे गांधींच्या प्रभावाने खादी आली ती कायमची. आधी डॉक्टर व्हायचं होतं, मग भौतिकशास्त्र बरं जमतं म्हणून तिकडे वळली. इतकं साधं कारण. १९४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ती बंगळूरला आली आणि नियतीने असं काही जमवून आणलं की आठव्या वर्षी नाकारलेले हिरेच पदरात पडले.

रामनांना तेव्हा हिऱ्यांनी पछाडलं होतं. भारतातून, आफ्रिकेतून गोळा केलेले शेकडो हिरे प्रयोगशाळेत होते. अॅनाकडे आलं ते तीसहून अधिक हिऱ्यांचं आणि माणकांचं वर्णपटीय मोजमाप: कुठला हिरा कसा चमकतो, कुठल्या लहरी शोषतो, तापमान बदललं की त्यात काय फरक पडतो. द्रवरूप हवेत हिरा थंड ठेवायचा, त्यातून निघणारा अंधुक प्रकाश फोटोच्या काचेवर पडू द्यायचा. प्रकाश इतका क्षीण की एकेका काचेला पंधरा ते वीस तास लागत. मधे उपकरण सोडून जायची सोय नाही, म्हणून कित्येक रात्री ती प्रयोगशाळेतच झोपे. १९४२ ते १९४५ या काळात एकटीच्या नावावर पाच निबंध आले.

हे सगळं ज्या हवेत चाललं होतं ती तिने पुष्कळ वर्षांनी विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक आभा सूर यांना सांगितली. मुलं आणि मुली बोलताना दिसल्या की रामन जाता जाता नापसंतीचा उद्गार काढत. त्यामुळे मुली आपापल्या कोपऱ्यात एकट्या. प्रयोगशाळेत निम्मं शिक्षण शेजारच्या टेबलावरच्या गप्पांतून होतं, चहा पिताना 'तू हे असं करून पाहिलंस का' यातून होतं; ते त्यांना मिळालं नाही. उपकरण हाताळताना मुलीकडून बारीकशी चूक झाली तरी बायकांना हे जमायचं नाही याचा दाखला म्हणून तिचा बोभाटा होई. तीच चूक मुलाच्या हातून झाली तर ती नुसती चूक. आत्मविश्वास, आत्मविश्वास म्हणून आपण जे म्हणतो तो अशा ठिकाणी दोन प्रकारे खर्ची पडतो. थोडा कामाला लागतो आणि उरलेला आपण चुकलो तर काय या धाकाला पुरवावा लागतो. शेजारच्या मुलाला तो सगळाच्या सगळा कामावर लावता येतो.

ऑगस्ट १९४५ मध्ये अॅना मणीने प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. इन्स्टिट्यूट तेव्हा स्वतः पदवी देत नसे. विद्यापीठाने दाखवून दिलं की अर्जदाराकडे एम.एस्सी. नाही. बी.एस्सी. ऑनर्सवर तिला संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली होती, पाच निबंध झाले होते, पण नियम तो नियम. पदवी मिळाली नाही ती नाहीच. बांधलेला प्रबंध बंगळूरच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहे. तिने याबद्दल कधी गळा काढला नाही. कागद नसल्याने माझं काही अडलं नाही, असाच तिचा सूर होता. मला ते पूर्ण पटत नाही. अडलं ते लगेच दिसलं: सरकारी शिष्यवृत्तीवर ती लंडनच्या इम्पीरियल कॉलेजला निघाली ती भौतिकशास्त्र करायला, आणि हाती आलं हवामानाची उपकरणं शिकण्याचं प्रशिक्षण, कारण तेवढीच जागा शिल्लक होती. म्हणजे भारतातल्या हवामान-उपकरणांचा पाया जिने घातला, तिने तो विषय मुळात निवडलेला नव्हता.

कमलाबाईंचंही काही अंशी तसंच. १९३९ मध्ये त्या परतल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, तिथून कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत. १९४७ मध्ये माधवराव सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. पेशीच्या श्वसनाचं मूलभूत काम मागे राहिलं. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे केलं ते थेट ताटात येणारं होतं: कडधान्यं, तांदळाचं पीठ, आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून नीरा. ताडामाडाच्या या ताज्या रसात क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असतं, आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना नि गरोदर बायकांना त्याचा फायदा होतो, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला असे. संस्थेचं संचालकपद हक्काने त्यांचं होतं, पण अंतर्गत राजकारणात ते चार वर्षं लांबलं. मिळालं तेव्हा डेरेक रिक्टर यांनी आवर्जून कौतुक केलं. टेबल देणारा माणूस विसरला नव्हता.

अॅना मणी १९४८ मध्ये हवामान खात्यात रुजू झाल्या त्या पुण्यात. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साधा थर्मामीटरसुद्धा बाहेरून येत असे. एस. पी. वेंकटेश्वरन यांनी उपकरणं इथेच बनवायचं मनावर घेतलं होतं आणि कारखाना उभा केला होता. त्याची सूत्रं पुढे मणींकडे आली. पर्जन्यमापक, बाष्पीभवनमापक, वाऱ्याची दिशा नि वेग मोजणारी यंत्रं, वायुभारलेखक अशा शंभराच्या आसपास उपकरणांची प्रमाणित रेखाटनं त्यांनी तयार करवून घेतली आणि ती बनवायला घातली. हाताखाली १२१ माणसं, सगळे पुरुष. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं परवडलं, हा त्यांचा खाक्या होता, आणि एका प्रयोगशाळेत बारीक चुकीवर टपलेल्या नजरा सोसून आलेल्या बाईने तो धरावा याचं मला नवल वाटत नाही. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं बसवली, पुढे ओझोन मोजणारं उपकरण देशात घडवलं, आणि विक्रम साराभाईंच्या सांगण्यावरून थुंब्याच्या अग्निबाण तळावर हवामानाची वेधशाळा उभारून दिली. सौर आणि पवन ऊर्जेच्या योजना आखताना ज्या नोंदींचा आधार घेतला गेला त्यांच्या जाडजूड ग्रंथांवर त्यांचं नाव आहे. बाई असण्याबद्दल कुणी विचारलं की त्या वैतागत. या गोष्टीचा एवढा गवगवा कशाला, असं त्यांचं म्हणणं.

या दोघींच्या गोष्टी सहसा आत्मविश्वासाचे धडे म्हणून मुलींना सांगितल्या जातात. ऐकणाऱ्या मुलीला वाटतं की आपल्यात तेवढी धमक नाही, दोष आपलाच. पण कमलाबाईंपाशी दोन रसायनशास्त्रज्ञांचं घर होतं, अॅना मणींपाशी ब्रिटानिका विकत घेऊ शकणारं घर होतं. दोघींच्या पाठीशी परत जायला जागा होती. सुनंदाबाईंपाशी दहा निबंध होते. धमक कुणाच्यात कमी होती?

आणि मर्जीचा मामला स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षं तसाच राहिला. १९७४ ची गोष्ट. त्याच बंगळूरच्या इन्स्टिट्यूटमध्ये सुधा कुलकर्णी नावाची हुबळीची मुलगी पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटाला आली होती. फलकावर टेल्कोची जाहिरात लागली: हुशार, कष्टाळू तरुण अभियंते पाहिजेत, खाली टीप, महिलांनी अर्ज करू नये. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. ज्या टाटांनी ही संस्था काढली, तिथे मुलींना शिकू दिलं, त्यांच्याच कारखान्यात मुलींना मज्जाव कसा? मुलाखतीला बोलावणं आलं, पिंपरीला. तांत्रिक प्रश्नांची उत्तरं तिने दिली आणि नोकरी मिळाली. पुढे सुधा मूर्ती झालेल्या या मुलीने स्वतः लिहिलेली ही आठवण आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती आपण जिद्दीची गोष्ट म्हणून वाचतो. मला तिच्यात १९३३ दिसतं: एका मोठ्या माणसाने नाही म्हटलं, एका मोठ्या माणसाने हो म्हटलं. फरक एवढाच की सत्याग्रहाची धमकी द्यावी लागली नाही, पोस्टकार्डावर भागलं. ज्यांनी फलकावरची ती टीप वाचली आणि मुकाट्याने वर्गात निघून गेल्या त्यांचं काही बदललं नाही.

त्यांच्यासाठी काही बदललं ते दोन वर्षांनी आणि पोस्टकार्डाने नव्हे. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल १९७४ च्या अखेरीस आला, आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. त्याचं पाचवं कलम वेतनाबद्दल नव्हतंच. त्याच किंवा तशाच कामासाठी भरती करताना स्त्री म्हणून डावलता येणार नाही, असं ते सांगत होतं. मात्र त्यातच एक अपवाद ठेवला: जिथे दुसऱ्या कायद्याने स्त्रियांना कामाची मनाई होती तिथे हे लागू नव्हतं. असा एक कायदा म्हणजे १९४८ चा कारखाने अधिनियम, आणि त्यातली एक मनाई रात्रपाळीची. कमला भागवतला रात्री काम करण्याच्या अटीवर घेतलं होतं; तिच्या नातीच्या वयाच्या अभियंत्या मुलींना रात्री काम करता येत नाही म्हणून नाकारलं जाऊ लागलं, आणि त्या कलमाविरुद्ध बायकांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली.